बर्डीला येणारी पावलं

नागपुरातल्या बर्डीचा मेन रोड व्हरायटी चौकातून निघतो आणि लोहापुलाच्या दिशेनं जातो. सरळ चालत गेलं तर दहा-बारा मिनिटांत संपावा, एवढाच. पण सरळ कोणी जात नाही. चपला, पर्सा, कुर्त्या, बांगड्या, स्टीलची भांडी, मोबाइलची कव्हरं. दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांसमोर ठेले. माणूस थांबतो, भाव विचारतो, पुढं जातो, मागं वळून पुन्हा त्याच ठेल्यापाशी येतो. या रस्त्याची सगळी कमाई त्या थांबण्यात आणि मागं वळण्यात आहे.

आमचं दुकान मेन रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. अस्तर, फॉल, बिडिंग, लेस, गुंड्या, दोऱ्याची रिळं, आणि दारातच पिकोचं मशीन. मी लग्न होऊन भिवापूरहून नागपुरात आले तेव्हा दुकान सासरे चालवायचे. आता मी आणि माझी जाऊ चालवतो. अशा दुकानाला मोठं गिऱ्हाईक नसतं. कुणी मीटरभर अस्तर नेतं, कुणी एक फॉल, कुणी डझनभर हूक. दिवसातून पुष्कळ माणसं आत यावी लागतात तेव्हा गल्ला भरतो. म्हणून गिऱ्हाईक इथवर पोचतं कसं, हा आमच्यासाठी घर चालण्याचा प्रश्न आहे, आणि मेट्रो, बस, एसटी, आगगाडी या सगळ्यांकडे मी दुकानाच्या पायरीवरून बघते.

नागपूरची मेट्रो ७ मार्च २०१९ रोजी खापरीहून बर्डीपर्यंत सुरू झाली. जानेवारी २०२० मध्ये लोकमान्यनगरहून बर्डीपर्यंतचा दुसरा मार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ ला कस्तुरचंद पार्कच्या पुढं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतचा आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून प्रजापतीनगरपर्यंतचा टप्पा सुरू झाला, आणि शहराच्या चारी दिशांना बर्डीत आणून सोडणारे दोन मार्ग पूर्ण झाले. दोन्ही मार्ग मुंजे चौकातल्या इंटरचेंजवर एकमेकांना छेदतात. म्हणजे उत्तरेचं इंदोरा, दक्षिणेचं अजनी, पूर्वेचा वैष्णोदेवी चौक, पश्चिमेचं सुभाषनगर, सगळीकडच्या गाड्या मेन रोडच्या अगदी जवळ येऊन थांबतात. दुसऱ्या बाजूला झाशी राणी चौकात मेट्रोचं स्टेशन, आणि त्याला लागून मोरभवनचं बसस्थानक. बाजाराच्या नशिबात एवढी चांगली जागा क्वचितच येते.

मेट्रोचे तिन्ही डबे भरले तर एका गाडीत नऊशेहून अधिक माणसं मावतात. तेवढी माणसं मोटारींनी यायची म्हटलं तर बर्डीत गाड्या उभ्या करायला जागा कुठून आणायची? एक मोटार उभी राहायला जेवढी जागा लागते, तेवढ्यात इथं एक अख्खं दुकान चालतं, आणि त्या दुकानावर दोन घरं चालतात.

मेट्रो पूर्ण झाल्यावर मी गल्ल्याजवळच्या वहीत एक खूण करायला लागले. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विचारायचं, ‘कशा आल्या?’ आणि वहीत एक अक्षर लिहायचं: मे, ब, गा किंवा पा. मेट्रो, बस, गाडी, पायी. नागपुरात गाडी म्हणजे स्कूटर किंवा मोटारसायकल. जाऊला सुरुवातीला हा माझा उद्योग वाटला. पुढं तीही लिहायला लागली. त्या वहीतून जे दिसलं ते मला गर्दीच्या आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं.

गाडीवर येणारी बाई बहुतेक वेळा कुणाच्या तरी मागं बसून येते. नवरा किंवा मुलगा गल्लीच्या तोंडाशी गाडी धरून उभा असतो. नो पार्किंगमधली गाडी उचलणारा ट्रक फिरत असतो, म्हणून त्याचा जीव खालीवर. दोन-दोन मिनिटांनी फोन येतो, ‘झालं का? निघ ना.’ बाई अस्तराचा रंग दारातल्या उजेडात नेऊन बघायच्या आत पैसे देते. घरी गेल्यावर रंग जुळत नाही, मग परत बदलायला येते, नाहीतर येतच नाही. जिच्या नावापुढं ‘मे’ असतं ती बाई एकटी असली तरी सावकाश असते. हिंगणा रोडच्या बाजूनं, बन्सीनगर, वासुदेवनगरकडून बायका दुपारी दोघी-तिघी मिळून येतात. दुपारची वेळ आमच्याकडे पूर्वी मंदीची असायची. एकीला मी म्हटलं, बसा, पिकोला वेळ लागेल. तर म्हणाली, ‘काहून घाई करू ताई, मेट्रो तर येतच राहते.’ तिनं साडी टाकली, चपला बघून आली, चहा घेऊन आली, मैत्रिणीसाठी बांगड्या घेतल्या, मग साडी घेऊन गेली. आमच्या एका पिकोमागं चार जणांचा धंदा झाला.

मेट्रोनं बाजाराला काय मिळतं, याचं उत्तर मला या दुपारच्या बायकांमध्ये दिसतं. गाडीची काळजी नसलेली, हात मोकळे असलेली, घाई नसलेली माणसं.

दुकानदार मंडळींना मात्र हे पटवणं सोपं नाही. आमच्या रस्त्यावरही पुष्कळांचा ठाम समज आहे की खरं गिऱ्हाईक गाडीवाला; पार्किंग वाढवा, धंदा वाढेल. हा समज आपल्याकडचाच नाही. बर्लिनमध्ये कोटबुसर डाम आणि हर्मानश्ट्रासे या दोन बाजाररस्त्यांवर संशोधकांनी दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना वेगवेगळं विचारलं. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुकानदारांच्या अंदाजानं साधारण पाचांतला एक जण मोटारीनं येत होता. प्रत्यक्षात शंभरात जेमतेम सात. जो दुकानदार स्वतः मोटारीनं यायचा, त्याला गिऱ्हाईकही मोटारीनंच येतं असं जास्त वाटायचं. आपण ज्या वाटेनं येतो तीच वाट आपल्याला दिसते. बर्डीच्या प्रत्येक दुकानदारानं महिनाभर अशी एक वही ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

बाजार आणि आगगाडी यांची नागपुरात जुनी सोयरीक आहे. १८६७ साली इथं रेल्वे आली. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस येण्याची आणि कापड जाण्याची सोय झाली, तशी माणसांचीही झाली. सासरे सांगायचे, गिरणीच्या पगारानंतर दुकानात उभं राहायला जागा नसायची. २००२ मध्ये मिल कायमची बंद झाली.

पण माझ्या मनात जी गाडी आहे ती त्याहून पुष्कळ लहान. इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी लाईन. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातला तो मार्ग, अडीच फुटी रूळ. कुही, उमरेड, भिवापूर करत ती नागभीडला पोचायची. वेग असा की वळणावर खाली उतरून चालावं. पण तिकीट स्वस्त आणि डब्यात सगळ्याला जागा: मिरचीची पोती, भाजीच्या टोपल्या, दुधाच्या कॅन, लग्नाचा बस्ता. भिवापूरची मिरची नावाजलेली. तिला भौगोलिक मानांकनही आहे. आमच्या गावातली माणसं हंगामात मिरची घेऊन इतवारीला यायची, आणि जाताना त्याच पैशातून किराणा, कापड, कधी सराफा ओळीतून मुलीच्या लग्नाचं डोरलं घेऊन जायची. आणणं आणि नेणं एकाच फेरीत व्हायचं. शहराला गावाची आणि गावाला शहराची गरज कशी असते, ते त्या डब्यात बसून कळायचं.

आमच्या दुकानाची कितीतरी जुनी गिऱ्हाइकं त्या लाईनवरची. कुही-उमरेडचे छोटे शिंपी. आठवड्याला एक फेरी मारायचे, दोरे, गुंड्या, अस्तराचे तुकडे थैलीत भरायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. उधारीचा हिशोब पुढच्या फेरीला. चेहरा ओळखीचा, म्हणून उधारी निर्धास्त.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी ती छोटी लाईन बंद झाली. मोठी लाईन व्हायला हवी होती, यात शंका नाही; अडीच फुटी रुळांवर आजच्या काळाचं काम भागणार नव्हतं. पण गाडी थांबली, पाठोपाठ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, आणि ते शिंपी एकेक करून सुटले. कुणी उमरेडमध्येच माल घ्यायला लागला, कुणी मोटारसायकलवर माल घेऊन येणाऱ्या एजंटाकडून. काहींनी काम सोडलं. वाट बंद झाली की गिऱ्हाईक वाट बघत बसत नाही. ते दुसरी सवय लावून घेतं, आणि ती सवय मोडायला वर्षं लागतात. ही गोष्ट शहराचे आराखडे करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी, इतकी मोठी आहे.

त्याच्या उलट अनुभव एसटीचा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, आणि काही महिन्यांत दुकानात नवे चेहरे दिसायला लागले. काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड. पूर्वी घरातल्या पुरुषाच्या हातून रंगाचा तुकडा पाठवणाऱ्या बायका स्वतः यायला लागल्या. गणेशपेठच्या स्टँडवर उतरायचं, तिथून बर्डी. एक बाई दर महिन्याला सावनेरहून येते. गावात ब्लाउज शिवते. तिनं सांगितलं, ‘आधी नवऱ्याला म्हणावं लागे, आता फक्त सांगून येते.’ रस्ता रुंद करून हे झालं नसतं.

रस्ता रुंद करणं हा आपला आवडता उपाय. महालातला केळीबाग रोड आठवा. रुंदीकरणासाठी कितीतरी दुकानांचे दर्शनी भाग गेले, काही दुकानं अख्खी गेली, आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. जुन्या बाजारात दुकानाची खोली आधीच दहा-बारा फूट. त्यातली सहा फूट गेली तर उरतं काय? उड्डाणपुलांचंही तसंच. नागपूर स्टेशनासमोर, टेकडीच्या गणपतीजवळ, पूल बांधला आणि त्याच्याखाली दीडशेच्या वर गाळे काढले. तो पूल वीस वर्षंही टिकला नाही. २०२४ मध्ये पाडावा लागला. पुलाखालच्या दुकानदारांच्या वाट्याला काय आलं असेल, त्याची कल्पना कुणाही व्यापाऱ्याला येईल. दूरच्या वाहतुकीला पूल लागतात, ते मी नाकारत नाही. पण पुलावरून जाणाऱ्याला खालची पाटी दिसत नाही. पूल बाजाराला ओलांडून जातो, स्टेशन बाजारात उतरवतं.

उतरवल्यानंतर काय, तिथं मात्र आपलं काम अपुरं आहे. बर्डी इंटरचेंजवरून मेन रोडवर यायला फारसा वेळ लागत नाही, म्हणून तिथं मेट्रोचा फायदा लगेच दिसला. इतवारीचं तसं नाही. अग्रसेन चौक, चितार ओळी चौक, टेलिफोन एक्स्चेंज ही स्टेशनं सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर आहेत, आणि सराफा, कापड बाजार, मस्कासाथ, मिरची बाजार आतल्या ओळींमध्ये. स्टेशनाखाली उतरलं की समोर भरधाव रस्ता. तो ओलांडायचा, फुटपाथवर उभ्या गाड्यांना वळसे घालायचे, हातगाड्या, छोटे हत्ती आणि हमालांमधून वाट काढत आत जायचं. माझ्यासारखीला ते जमतं. गुडघे दुखणाऱ्या मावशी किंवा कडेवर मूल असलेली सून पुढच्या खेपेला ऑटोच करते, नाहीतर मॉलमध्ये जाते. तान्हा पोळ्याचे लाकडी बैल आणि गणपतीची मूर्ती बघायला आजही घरंच्या घरं चितारओळीत येतात. मूर्ती न्यायला टेम्पो लागेल, पण बघायला आणि सांगून ठेवायला मेट्रो पुरते. त्यासाठी स्टेशनापासून ओळीपर्यंत सलग, सपाट, उजेडाचा फुटपाथ हवा आणि रस्ता ओलांडताना सिग्नलचा पुरेसा वेळ हवा. हजारो कोटींचा मार्ग बांधून झाल्यावर उरलेलं हे काम खर्चानं अगदी थोडं आहे.

इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांची एक हरकत खरी आहे: कापडाचे गठ्ठे मेट्रोनं जात नाहीत. जायचेही नाहीत. मालाची वेळ आणि माणसांची वेळ वेगळी करता येते. दिल्लीच्या चांदनी चौकात सप्टेंबर २०२१ पासून लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा रस्ता सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंद केला, आणि मालाला उरलेले तास ठेवले. तिथंही व्यापाऱ्यांनी विरोध केला, अंमलबजावणीच्या तक्रारी अजून होतात. पण मेट्रोतून उतरलेला माणूस त्या रस्त्यावर मधोमध चालू शकतो. आपल्या पुण्यात लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात. एका दिवसानं बाजार बदलत नाही, पण दुकानदाराला आपला रस्ता गाड्यांविना कसा दिसतो ते बघायला मिळतं. बर्डीत दिवाळीच्या आधीचे काही रविवार तरी असे ठेवून बघायला काय हरकत आहे?

ठेलेवाल्यांचा विषय टाळून बर्डीबद्दल बोलणं खोटं होईल. दुकानदार आणि पथविक्रेते यांचं भांडण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेलं आहे. मी दुकानदार असूनही सांगते, ठेले उठवून बर्डी उरणार नाही. शंभर रुपयांची कुर्ती ठेल्यावर मिळते म्हणून मुली इथं येतात, आणि तिला लेस लावायला आमच्याकडे येतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण, विक्रीच्या ठरलेल्या जागा, सगळं लिहिलेलं आहे. ठेल्यांना जागा आखून द्या आणि चालणाऱ्यांसाठी सलग पट्टा मोकळा ठेवा. गाड्या उभ्या राहतात ती जागा मिळाली तर दोन्ही बसतं.

मेट्रो सगळीकडे जात नाही, ही दुसरी उणीव. मानेवाडा, हुडकेश्वर, नंदनवन, सक्करदरा, दिघोरी; दक्षिण-पूर्व नागपुरातल्या दाट वस्तीला पहिल्या टप्प्यात मेट्रोचं स्टेशन नाही. तिथल्या बाईसाठी बर्डी म्हणजे महापालिकेची ‘आपली बस’. जुनी माणसं तिला अजून स्टारबसच म्हणतात. माझ्या वहीतलं ‘ब’ हे अक्षर बहुतांशी याच भागाचं. बस वेळेवर आली तर ती येते. थांब्यावर ताटकळावं लागलं तर पुढच्या वेळी घराजवळच्या दुकानातून महागाची लेस घेते. मेट्रोचं कौतुक करताना बसकडे दुर्लक्ष झालं तर अर्धं शहर बाजारापासून तुटेल, आणि तेही कमी पैशांत घर चालवणारं अर्धं शहर.

आणखी एक धास्ती मी उघड मांडते. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत जास्त एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या पटीत जास्त बांधकाम, देणारे नियम २०१७ मध्ये आले. प्लॉट आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ४ पर्यंत. स्टेशनाजवळ जास्त माणसं राहावीत, कामाला यावीत, हा विचार योग्यच आहे, आणि त्यातून मिळणारा पैसा मेट्रोला लागतोही. पण जुन्या ओळींमध्ये इमारत पाडून उंच इमारत उभी राहिली की खालचे मजले पार्किंगला जातात आणि पागडीवरचा जुना दुकानदार बाहेर पडतो. शिंपी, कल्हईवाला, घड्याळ दुरुस्त करणारा, पिकोवाली, यांना नव्या गाळ्याचं भाडं झेपत नाही. मेट्रोच्या दारात इमारती उभ्या राहू द्या. तळमजल्यावर छोट्या गाळ्यांचा ठरावीक वाटा आणि जुन्या भाडेकरूंचा पहिला हक्क नियमातच लिहा.

आता दुसरा टप्पा येतोय. ४३.८ किलोमीटर: उत्तरेला कन्हान, दक्षिणेला बुटीबोरी, पश्चिमेला हिंगणा, पूर्वेला कापसीकडे ट्रान्सपोर्टनगर. कन्हानच्या वाटेवरच्या कामठीतल्या माझ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला याची भीती वाटते. तो म्हणतो, ‘आमचं गिऱ्हाईक पंधरा-वीस मिनिटांत तुमच्या बर्डीत, मग आम्ही काय करायचं?’ त्याची भीती मी हसण्यावारी नेली नाही. मार्ग दोन्हीकडे जातो हे खरं, पण माणसं दोन्हीकडे आपोआप जात नाहीत. कामठीचं स्टेशन तिथल्या बाजाराकडे उघडलं, तिथल्या आठवडी बाजाराला, विणकरांच्या मालाला स्टेशनाखाली जागा मिळाली, तर नागपूरची माणसंही तिकडे जातील. हिंगण्यात आणि बुटीबोरीत एमआयडीसीचा कामगार पाळी सुटल्यावर गावच्या बाजारातून जाऊ शकेल अशी जिन्याची बाजू निवडली, तर तिथलं दुकान जगेल. जिना कोणत्या अंगाला उतरवायचा, हे नकाशावर एका रेघेचं काम असतं, आणि ती रेघ मारण्याआधी त्या-त्या गावच्या दुकानदारांना बोलावून विचारायला हवं.

आणि नागभीडची मोठी लाईन सुरू होईल तेव्हा माझं रेल्वेकडे एकच मागणं आहे. वेळापत्रकात एक गाडी अशी ठेवा, जी सकाळी दहाच्या आत इतवारीला पोचेल आणि संध्याकाळी सहानंतर परत निघेल. कुही, उमरेड, भिवापूर, सगळीकडे थांबेल. लांबच्या एक्स्प्रेस खुशाल जाऊ द्या, पण या एका गाडीचा थांबा कापू नका. इतवारी स्टेशनाच्या बाहेर बर्डीची बस उभी ठेवा. उमरेडचा शिंपी तेवढ्या वेळात माल घेतो, उधारी चुकती करतो आणि अंधार पडला तरी घरी पोचतो.